धूळभत्ता, भरपाई आणि सूतगिरणी कामगाराचे फुप्फुस

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या सूतगिरणीत नव्या वेतनकराराची बोलणी सुरू आहेत. कापूस पिंजण्याच्या ब्लोरूम आणि विंचरण्याच्या कार्डिंग खात्यातील कामगारांना कापसाच्या धुळीचा त्रास होतो हे व्यवस्थापनाने मान्य केले असून त्याबद्दल दरमहा ३०० रुपये ‘धूळभत्ता’ देऊ केला आहे. हा भत्ता स्वीकारावा की नाकारावा, आकडा वाढवून मागायचा तर किती मागावा, आणि आरोग्याच्या धोक्याचा मोबदला वेतनात किती असावा हे ठरवण्याची काही रीत आहे का, असे आपण विचारले आहे. वेतनकरारांच्या बोलण्यांत आणि व्यवसायजन्य आजारांच्या दाव्यांत मी बरीच वर्षे कामगारांच्या बाजूने काम करीत आलो आहे. त्या आधारावर हे उत्तर देत आहे.

माझे मत आधीच सांगतो. पैसे घ्यावेत, पण ‘धूळभत्ता’ या नावाने आणि खात्याला बांधलेले घेऊ नयेत. ते मूळ वेतनात मिसळून घ्यावेत. करारातली आपली मुख्य मागणी मात्र पैशाची नसावी. धुळीचे मोजमाप, फुप्फुसाची नियमित तपासणी आणि आजाराचे लक्षण दिसताच वेतनात एक रुपयाही कपात न होता स्वच्छ खात्यात बदली, ही ती मागणी असावी. असे का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

धोक्याच्या कामाला जास्त वेतन मिळते, हा विचार जुना आहे. काम जितके कष्टाचे, घाणेरडे किंवा अप्रिय तितकी मजुरी अधिक असावी लागते, नाहीतर ते काम करायला कोणी येणार नाही, असे अ‍ॅडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये मांडले. आजचे अर्थशास्त्रज्ञही याच सूत्रावर धोक्याची किंमत काढू पाहतात. सारख्या कौशल्याच्या दोन कामांपैकी धोक्याच्या कामाला किती जास्त मजुरी मिळते ते पाहतात आणि तो फरक म्हणजे कामगाराने स्वतः मान्य केलेली धोक्याची किंमत, असे धरतात. हे सूत्र तीन गृहीतांवर उभे आहे. कामगाराला धोका नेमका माहीत असतो, त्याच्यापुढे दुसरे काम निवडण्याची मोकळीक असते आणि नको ते काम नाकारण्याइतकी त्याच्यात ताकद असते. सूतगिरणीच्या बाबतीत ही तिन्ही गृहीतके लंगडी पडतात. कापसाच्या धुळीचा कायमचा परिणाम दिसायला बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ जातो. त्यामुळे कामाला लागणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाला तो माहीत असणे शक्य नसते. उरलेल्या दोन गोष्टींविषयी आपल्याच राज्याचा इतिहास पुरेसा बोलका आहे.

मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते, म्हणजे साचेखाते, चांगल्या पगाराचे होते. त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. कांडीवरचा धागा मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्यामुळे विटाळ होतो हे कारण पुढे केले जाई. हे कामगार प्रामुख्याने कमी पगाराच्या रिंग आणि इतर कताई खात्यांत राहिले. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. स्मिथ यांच्या सूत्राप्रमाणे पाहिले तर घशात आणि छातीत कापूस जाणाऱ्या कामाला अधिक मजुरी मिळायला हवी होती. प्रत्यक्षात ज्याला दुसरे दार बंद होते त्याच्या वाट्याला धूळही आली आणि कमी मजुरीही आली. वेतनातला फरक धोक्यापेक्षा कामगाराच्या नाइलाजाचे माप देतो, हे मी याच इतिहासातून शिकलो. म्हणून आपल्या भागातील इतर गिरण्यांत किती भत्ता मिळतो हे पाहून आपला आकडा ठरवणे मला चुकीचे वाटते. त्या आकड्यांत धोक्याची किंमत नसते. त्या त्या ठिकाणची युनियन किती दुबळी किंवा किती खंबीर होती, एवढेच त्यांत असते.

आता आजाराविषयी सांगतो, कारण भरपाईची सगळी गणिते त्याच्या स्वभावावर अवलंबून आहेत. कापूस आणि तशाच काही वनस्पती-तंतूंच्या धुळीने होणाऱ्या श्वसनाच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. कापसाच्या बोंडाबरोबर पाने आणि साली यांचा चुरा येतो, त्यावर जिवाणू असतात, आणि त्या जिवाणूंतील एंडोटॉक्सिन नावाचा घटक श्वासनलिकांना सूज आणतो, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. गाठी फोडून कापूस पिंजला आणि विंचरला जातो ती ब्लोरूम आणि कार्डिंग ही खाती म्हणूनच सर्वांत घातक ठरतात. पुढे ड्रॉफ्रेम, सिम्प्लेक्स, रिंगफ्रेम या सूत काढण्याच्या यंत्रांकडे जाऊ तसा कापूस साफ होत जातो आणि धूळ साधारणपणे कमी होते, मात्र पूर्णपणे संपत नाही.

या आजाराची खूण विलक्षण आहे. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते, धाप लागते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरे वाटू लागते. ब्रिटनमधील लँकेशरच्या कापड कामगारांवर १९५० च्या दशकात काम करणारे डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी याच खुणेवरून आजाराच्या पायऱ्या ठरवल्या. सुरुवातीला सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी कधीमधी त्रास होतो, नंतर प्रत्येक सुट्टीनंतर पहिल्या दिवशी होतो, मग आठवड्याच्या इतर दिवशीही होऊ लागतो, आणि अखेरच्या पायरीवर फुप्फुसाची ताकद कायमची घटलेली असते. पहिल्या पायऱ्यांवर माणूस धुळीतून बाहेर पडला तर बहुधा सावरतो. अखेरच्या पायरीनंतर तो किती सावरेल याचा भरवसा नसतो.

भत्त्याचा खरा धोका इथे आहे. कार्डिंगमध्ये राहिले तर दरमहा ३०० रुपये जास्त आणि वाइंडिंगमध्ये, म्हणजे तयार सूत गुंडाळण्याच्या खात्यात, गेले तर ते बंद, अशी रचना असेल, तर पहिल्या पायरीवरचा कामगार काय करील? घरभाडे आणि मुलांची फी त्या पैशावर बेतलेली असेल तर तो सुट्टीनंतरच्या सकाळची धाप कोणाला सांगणार नाही. डॉक्टरने विचारले तर विडीमुळे होते असे म्हणेल. म्हणजे ज्या काळात आजार थांबवता येतो नेमक्या त्याच काळात तो लपवायला आपण त्याला पैसे देत असतो. एका करारात आम्ही असा भत्ता मोठ्या अभिमानाने मिळवला होता. दोन-तीन वर्षांनी आरोग्य तपासणीचे शिबिर ठेवले, तेव्हा सर्वाधिक धुळीच्या खात्यातलेच लोक गैरहजर राहिले. तपासणीत काही निघाले तर भत्ता जाईल, अशी भीती त्यांना होती. ती चूक व्यवस्थापनाइतकीच आमचीही होती, आणि त्यानंतर मी खात्याला जोडलेला भत्ता कधी मागितलेला नाही.

दुसरा परिणाम व्यवस्थापनाच्या मनावर होतो. भत्ता दिला म्हणजे विषय मिटला, असा समज तयार होतो. पुढे धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रणेच्या दुरुस्तीचा विषय काढला की ‘त्याचे तर आपण पैसे देतोच’ असे उत्तर मिळते. कायद्याच्या दृष्टीने या म्हणण्याला आधार नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने धूळ उगमाशीच रोखण्याची जबाबदारी मालकावर टाकली, आणि त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कच्च्या कापसाच्या धुळीची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने दर घनमीटर हवेत ०.२ मिलिग्रॅम अशी दिलेली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि हा अधिनियम व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला, तरी सुरक्षित कामाची जागा पुरवणे हे मालकाचे कर्तव्य कायम आहे. पैसे देऊन त्या कर्तव्यातून सुटका होत नाही, आणि कामगारानेही पैसे घेऊन तो हक्क सोडलेला नसतो. करारात हे वाक्य स्पष्टपणे लिहून घ्या.

आता आकड्यांकडे वळू. वेतनातला मोबदला आणि आजार झाल्यावरची भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण बोलण्यांत त्यांची सरमिसळ होते आणि नुकसान कामगाराचे होते. दरमहा ३०० रुपये वीस वर्षे मिळाले तर एकूण ७२,००० रुपये होतात. दुसऱ्या बाजूला, कर्मचारी राज्य विमा योजनेतील (ईएसआय) एखाद्या कामगाराचे सरासरी वेतन दिवसाला ६०० रुपये आहे आणि बिसिनोसिसमुळे त्याची कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी कायमची घटल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले, असे समजा. कायम अपंगत्वाचा पूर्ण दर वेतनाच्या ९० टक्के, म्हणजे ५४० रुपये, आणि त्याचे ३० टक्के म्हणजे दिवसाला १६२ रुपये. तीस दिवसांच्या महिन्यात ही रक्कम ४,८६० रुपये होते आणि ती आयुष्यभर मिळते. म्हणजे कायद्याच्याच मोजमापाने ज्या नुकसानीची किंमत महिन्याला ४,८६० रुपये आहे, तिच्या धोक्यासाठी ३०० रुपये देऊ केले जात आहेत. प्रत्येक कामगाराला आजार होईलच असे नाही, त्यामुळे दोन्ही आकडे समान असावेत असे मी म्हणत नाही. पण हे गणित सभासदांपुढे फळ्यावर मांडा. भत्त्याचा मोह बराचसा उतरेल.

ज्यांना राज्य विमा लागू नाही, त्यांच्यासाठी १९२३ च्या भरपाई कायद्याचे सूत्र आहे आणि ते आता सामाजिक सुरक्षा संहितेत आले आहे. कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांना वयानुसारच्या गुणकाने गुणतात. वय पूर्ण ४० असेल तर गुणक १८४.१७ आहे. भरपाईसाठी धरायच्या मासिक वेतनाची मर्यादा जानेवारी २०२० मध्ये ८,००० वरून १५,००० रुपये झाली. त्या मर्यादेने ९,००० गुणिले १८४.१७ म्हणजे १६,५७,५३० रुपये होतात आणि ३० टक्के क्षमता गेली असेल तर ४,९७,२५९ रुपये. ज्याला राज्य विम्याचे संरक्षण आहे त्याला त्याच इजेसाठी या सूत्राने वेगळी भरपाई मागता येत नाही, हेही सभासदांना आधीच सांगावे.

या दोन्ही गणितांत ‘वेतन’ हा शब्द कळीचा आहे. कामाच्या स्वरूपामुळे कामगारावर पडणारा विशेष खर्च भागवण्यासाठी दिलेली रक्कम कायद्याच्या व्याख्येत वेतन धरली जात नाही. आपल्या करारात ‘धुळीमुळे लागणारे दूध, गूळ, औषध इत्यादींच्या खर्चापोटी भत्ता’ असे शब्द आले, तर तीच रक्कम भविष्यातील भरपाईच्या हिशेबातून वगळण्याचे निमित्त मिळते. भविष्यनिर्वाह निधी आणि उपदानाच्या (ग्रॅच्युइटीच्या) वेळीही तोच वाद उभा राहतो. म्हणून ती रक्कम सर्व उत्पादन खात्यांच्या मूळ वेतनात वाढ म्हणून मागा. ‘मग वाइंडिंगवाल्यांना फुकट का द्यायचे’ असा प्रश्न येईल. आज कार्डिंगमध्ये असलेला माणूस उद्या वाइंडिंगमध्ये जाऊ शकावा म्हणूनच, हे त्याचे उत्तर आहे.

काही कार्यकर्ते म्हणतात की भत्ता नाकारणे म्हणजे गरिबाच्या ताटातला घास काढणे आहे. हा आक्षेप मी हलका मानत नाही. जुनी यंत्रे बदलायला वर्षे लागतात आणि तोवर धुळीत उभा राहणारा माणूस इतरांपेक्षा जास्त सोसतो हे खरेच आहे. व्यवस्थापन मूळ वेतनवाढीला अजिबात तयार नसेल आणि खात्याचा भत्ता घ्यावाच लागला, तर दोन अटी घाला. वैद्यकीय कारणाने बदली झाली तरी भत्ता चालू राहील, ही पहिली अट. धुळीचे मोजमाप मर्यादेच्या आत येईपर्यंत भत्ता दर सहा महिन्यांनी वाढत जाईल, ही दुसरी. यामुळे यंत्रणा दुरुस्त करणे मालकाला भत्ता देण्यापेक्षा स्वस्त पडू लागते.

वेतनसंरक्षित बदली ही माझ्या मते या सगळ्या प्रश्नाची किल्ली आहे, आणि तिच्यासाठी झगडावे लागते याचे उदाहरण अमेरिकेत आहे. तिथे १९७८ मध्ये कापसाच्या धुळीसाठी मानक लागू झाले. कताईसाठी मर्यादा २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे आपल्याइतकीच, ठरली. श्वसनसाधन लावणे ज्याला वैद्यकीय कारणाने शक्य नाही त्या कामगाराला कमी धुळीच्या जागी बदली द्यावी आणि त्याचे वेतन घटू नये, अशी तरतूदही त्यात होती. गिरणीमालकांची संघटना न्यायालयात गेली. १९८१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने धुळीची मर्यादा ठरवताना खर्च आणि लाभ यांचा ताळेबंद जुळवण्याची गरज नाही, असा कामगारांच्या बाजूचा महत्त्वाचा निर्णय दिला. मात्र वेतनाच्या हमीची तरतूद आरोग्याशी कशी संबंधित आहे हे सरकारी यंत्रणेने पुरेसे दाखवलेले नाही, असे म्हणून तेवढा भाग परत पाठवला. आपल्या बोलण्यांतही असाच प्रश्न येईल: बदली आम्ही देतो, पण पगाराचा आरोग्याशी काय संबंध? संबंध थेट आहे. पगार घटणार असेल तर कामगार लक्षण सांगत नाही, आणि लक्षण कळले नाही तर तपासणी निरर्थक ठरते. हा युक्तिवाद लेखी मांडा.

तपासणीविषयी एक काळजी घ्या. छातीच्या क्ष-किरण चित्रात बिसिनोसिसची अशी खास खूण दिसत नाही. केवळ चित्र काढून ‘सर्व ठीक’ असा शेरा मारणारी वार्षिक तपासणी या आजारासाठी निरुपयोगी आहे. त्यासाठी स्पायरोमेट्री लागते, म्हणजे नळीत जोराने फुंकून पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजणे. ही चाचणी सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळी सुरू होण्यापूर्वी आणि पाळी संपल्यावर अशी दोनदा झाली पाहिजे. दोन मोजमापांतली घट पाच टक्क्यांहून अधिक असेल तर तिची दखल घ्यावी, आणि दहा टक्क्यांच्या वर गेली तर माणसाला धुळीबाहेर काढण्याचा विचार तत्काळ व्हावा. क्षयरोग, दमा आणि विडीचा खोकला यांच्याशी या आजाराची नेहमी गल्लत होते. क्षयाच्या औषधांचे दोन-दोन कोर्स घेतलेले आणि प्रत्यक्षात धुळीने आजारी असलेले कामगार मी पाहिले आहेत. त्यांच्या केसपेपरवर ‘काय काम करता’ या प्रश्नाचे उत्तर कुठेच लिहिलेले नव्हते.

दावे बहुधा कागदांवर हरतात. कापसाच्या धुळीने होणारा श्वसनरोग भरपाई कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे, त्यामुळे तत्त्वाचा वाद फारसा उरत नाही. वाद होतो तो या माणसाने कोणत्या खात्यात किती वर्षे काम केले यावर. कायम कामगाराची नोंद निदान सापडते. बदली कामगाराची, म्हणजे कायम कामगाराच्या जागी तात्पुरत्या घेतलेल्याची, आणि ठेकेदारामार्फत आलेल्याची नोंद सापडत नाही. आजार अनेक मालकांकडे काम करून झाला असेल तर भरपाईचा दावा ऐकणारा सक्षम अधिकारी न्याय्य वाटेल त्या प्रमाणात सर्वांवर जबाबदारी वाटून देऊ शकतो, आणि ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. पण दोन्हींसाठी पुरावा लागतो. प्रत्येक सभासदाची एक वही करा. कोणत्या तारखेपासून कोणत्या खात्यात, कोणत्या यंत्रावर, कोणत्या पाळीत, एवढे तिच्यात असू द्या. वेतनचिठ्ठ्या आणि चाचणीचे अहवाल तिच्यातच चिकटवा. आजारामुळे कामावरून सलग गैरहजेरी सुरू झाली ती तारीख विशेष जपून ठेवा, कारण दाव्याची मुदत मोजताना तीच विचारली जाते.

कानांविषयी थोडक्यात सांगतो. आपल्याकडे विणकाम नाही, पण रिंगफ्रेमचा आवाजही कमी नसतो. आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे आणि ९५ डेसिबलला ती चार तासांवर येते. आवाजाने आलेला बहिरेपणाही व्यवसायजन्य आजार म्हणून भरपाईस पात्र आहे, म्हणून कानांची तपासणी त्याच करारात बसवून घ्या. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर तर धोट्याच्या मागांपुढे बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात आणि मजुरी कापडाच्या मीटरवर ठरते. तिथे कारखान्याची व्याख्याच आड येते, कारण नव्या संहितेत वीज वापरणाऱ्या जागेसाठी कामगारसंख्येची अट १० वरून २० झाली आहे. आपल्यासारख्या संघटित गिरणीने बदलीचे वेतनसंरक्षण मिळवले तर त्या कामगारांना दाखवायला निदान एक लेखी करार असेल.

पुढच्या बैठकीत भत्त्याच्या आकड्यावर बोलणे सुरू होण्याआधी ब्लोरूम आणि कार्डिंगमधील धुळीच्या शेवटच्या मोजमापाचा अहवाल मागा. मोजमाप झालेलेच नाही असे उत्तर आले तर ते इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि कामगार प्रतिनिधीच्या उपस्थितीत मोजणीची तारीख ठरवून मगच उठा. यंत्रे दाबाच्या हवेने झटकून साफ करण्याची पद्धत असेल तर ती त्याच दिवसापासून थांबवून शोषण यंत्राने सफाई करायला सांगा. त्याला खर्च थोडा येतो आणि हवेतली धूळ लगेच कमी होते. मोजमापाचे आकडे आणि पहिल्या स्पायरोमेट्रीचे निकाल हाती आल्यावर करारातील कलमांचा मसुदा पाठवा, मी तो शब्दशः तपासून देईन.